‘किल्टर’ : एका कुळहीन शब्दाची हकीकत

शब्दाचें कूळ विचारण्याची आपली खोड फार जुनी आहे. यास्काच्या निरुक्तांत ह्या विषयावरचा एक वाद नमूद केलेला आहे. शाकटायनाचें म्हणणें असें कीं, सर्व नामें धातूंपासून निघालेलीं आहेत. गार्ग्याचें व कांहीं वैयाकरणांचें म्हणणें असें कीं, सर्वच नामांस हा नियम लावतां येणार नाहीं. यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचा होता, आणि पुढें आपल्याकडील बहुतेक व्युत्पत्तिकार त्याच बाजूस जाऊन मिळाले. मूळ सांपडत नसेल तर तें ओढून आणावें, एखादें अक्षर गाळावें, एखादें घालावें, पण रिकाम्या हातानें परत येऊं नये, हा त्या पक्षाचा बाणा. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या प्रकांड संशोधकाच्या व्युत्पत्त्या वाचतांनाहि कोठें कोठें विद्वत्तेपुढें मान लवते आणि त्याच वेळीं मनांत शंका उभी राहते, ती ह्या बाण्यामुळें. गार्ग्याच्या पक्षाला आपल्या देशांत फारसे वारस लाभले नाहींत. प्रस्तुत लेखांत ज्या शब्दाचा आम्ही विचार करणार आहों, तो मात्र गार्ग्याला फार आवडला असता.

शब्द इंग्रजी आहे : ‘किल्टर’. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमांत तो सहसा भेटत नाहीं, कारण तो दिवाणखान्यांतला नसून ओसरीवरचा शब्द आहे. यंत्र बिघडलें, भिंतीवरची तसबीर कलली, म्हाताऱ्याचें पोट बिनसलें, सरकारचा जमाखर्च जुळेनासा झाला, म्हणजे ती ती गोष्ट ‘आउट ऑफ किल्टर’ झाली असें इंग्रज, आणि त्याहूनहि अधिक अमेरिकन मनुष्य, सहज बोलून जातो. अलीकडे ‘ऑफ-किल्टर’ असेंहि रूप रूढ झालें आहे, आणि तें विक्षिप्त स्वभावाच्या मनुष्यास किंवा तिरकस विनोदास लावतात. तोल, सुस्थिति, नीट चालण्याजोगी अवस्था, असा त्याचा अर्थ सांगतां येईल. जुन्या लेखांत व बोलींत त्याचें रूप ‘केल्टर’ असें आहे. इ. स. १६०० च्या सुमारापासून त्याचा मागोवा लागतो, त्यापूर्वीं नाहीं.

तोलाचा अर्थ सांगणारे इंग्रजींतले प्रतिष्ठित शब्द घ्या, म्हणजे ह्या शब्दाचें दारिद्र्य चटकन् ध्यानांत येईल. ‘बॅलन्स’ हा उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘बिलांक्स’चा वंशज. ‘बि’ म्हणजे दोन व ‘लांक्स’ म्हणजे ताट किंवा पारडें. दोन पारड्यांचा तो तराजू, फ्रेंचांच्या दुकानांतून इंग्रजांच्या दुकानांत आला. ‘इक्विलिब्रियम’मध्यें ‘लिब्रा’ आहे; तो तराजूहि आहे आणि रोमन लोकांचें वजनहि आहे, आणि पौंडाची जी खूण इंग्रज लोक अजून काढतात ती त्याच शब्दाच्या आद्याक्षराची. आपली ‘तुला’ संस्कृत ‘तुल्’ धातूची, आणि त्या धातूचे भाऊबंद लॅटिनमध्येंहि आहेत. ‘बॅलन्स’ तर मराठींत येऊन घरजावई झाला आहे. बँकेंतला बॅलन्स, मोबाइलमधला बॅलन्स. तो ‘संपला’ म्हणून कुरकुरणाऱ्या मनुष्यास रोमन वाण्याचीं दोन पारडीं आठवत नाहींत हें खरें, पण आठवायचीं म्हटलीं तर तीं तेथें आहेत. ‘किल्टर’च्या मागें वळून पाहावें तों कांहींच नाहीं. बाप नाहीं, आजा नाहीं, दुसऱ्या कोणत्याहि भाषेंत ओळख सांगणारा चुलत भाऊ नाहीं.

असा शब्द विद्वानांस स्वस्थ बसूं देत नाहीं. स्टीफन स्किनर नांवाचा एक इंग्रज वैद्य होता. त्याचा व्युत्पत्तिकोश त्याच्या मृत्यूनंतर १६७१ सालीं छापला गेला. त्यानें ह्या शब्दाचा संबंध डेन्मार्ककडील एका क्रियापदाशीं जोडला. त्या क्रियापदाचा अर्थ वस्त्र वर खोचणें, आवळून बांधणें. स्कॉटिश लोकांचा ‘किल्ट’ हा त्याच घराण्यांतला. तेव्हां जो मनुष्य ‘केल्टर’मध्यें नाहीं, तो कंबर बांधून तयार नाहीं, अशी ही उपपत्ति. डॉ. जॉन्सननें आपल्या १७५५ च्या कोशांत ती स्किनरच्या नांवावर जशीच्या तशी उतरून घेतली. मराठी वाचकाला ही व्युत्पत्ति ऐकतांच पटावी अशी आहे, कारण आपणहि कंबर कसतों, पदर खोचतों, कांसोटा घालून कामाला लागतों. पण नेमकें ह्याचसाठीं सावध राहिलें पाहिजे. एखादी कल्पना सुंदर आहे म्हणून ती घडलेली आहे असें होत नाहीं. वस्त्र खोचण्यापासून सुस्थितीपर्यंतच्या वाटेवर एखादें तरी मुक्कामाचें ठिकाण दाखवावें लागतें. एखाद्या जुन्या लेखांत, एखाद्या खेड्याच्या बोलींत, दोन्ही अर्थांच्या मधला प्रयोग सांपडावा लागतो. तसा कोणालाहि दाखवतां आलेला नाहीं.

ऑक्सफर्डच्या महाकोशाचा ‘एच्’पासून ‘के’पर्यंतचा खंड १९०१ सालीं पुरा झाला, आणि त्याचें संपादन स्वतः जेम्स मरे ह्यांनीं केलें होतें. मरे हे शिंप्याचे चिरंजीव, शाळामास्तर, आणि अनेक भाषांचे जाणते; हजारों वाचकांकडून चिठ्ठ्यांवर आलेले प्रयोग त्यांच्यापुढें गठ्ठ्यांनीं पडलेले असत. एखादी चतुर व्युत्पत्ति रचणें त्यांना अशक्य होतें असें कोण म्हणेल? त्यांनीं ह्या शब्दाचें मूळ अज्ञात अशा अर्थाचा शेरा मारला व ते पुढच्या शब्दाकडे वळले. तो शेरा आजहि बदललेला नाहीं. त्या एका शेऱ्याचें आम्हांस जितकें कौतुक वाटतें, तितकें पानभर पसरलेल्या कित्येक व्युत्पत्त्यांचें वाटत नाहीं. आपल्याकडील कोशांत ‘मूळ ठाऊक नाहीं’ हे शब्द किती वेळां आढळतात, हें जिज्ञासूंनीं एकदां मोजून पाहावें.

कूळ नसलें तरी ह्या शब्दाला गोत मात्र बरेंच मोठें आहे, आणि तें सारें खेड्यापाड्यांतलें. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील बोलींचे कोश झाले, तेव्हां उत्तरेकडील परगण्यांत ‘केल्टर’चे आणखी दोन अर्थ सांपडले. एक पैसाअडका, दुसरा केरकचरा, अडगळ. हे दोन्ही एका शब्दांत कसे नांदले, ह्याचा उलगडा ज्यानें त्यानें आपल्या घरांतील माळा पाहून करावा. स्कॉटलंडमध्यें ‘केल्टर’ हें क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ कलंडणें, टोलांटी खाऊन पडणें. जेमीसननें आपल्या स्कॉटिश कोशांत तर तराजूची दांडी एका बाजूनें एकदम वर उसळते तिलाहि हेंच क्रियापद लावतात असें नमूद केलें आहे. म्हणजे इंग्लंडांत जो शब्द तोल सांगतो, तोच, किंवा निदान त्याच्याच तोंडवळ्याचा शब्द, स्कॉटलंडमध्यें तोल जाणें सांगतो. येथें शाकटायनाच्या शिष्यांनीं बाह्या सरसावल्या असत्या. पण तोंडवळा सारखा असणें हा नात्याचा पुरावा नव्हे, एवढें म्हणून आम्ही पुढें जातों.

ह्या शब्दाची खरी मौज त्याच्या मुळांत नसून त्याच्या एकाकीपणांत आहे. ‘किल्टर’ आज एकटा कधींच हिंडत नाहीं. त्याच्यापुढें ‘आउट ऑफ’ किंवा ‘ऑफ’ हे शब्द चोपदारासारखे चालतात. ‘आमचें सर्व कांहीं किल्टरमध्यें आहे’ असें कोणी म्हणेल तर ऐकणारा हंसेल. ‘इन केल्टर’ हा प्रयोग पूर्वीं होता. पण गंमत अशी कीं, स्किनरनें व त्याच्यामागून जॉन्सननें शब्दाचा अर्थ समजावण्यासाठीं जें वाक्य घेतलें, तेंहि ‘तो केल्टरमध्यें नाहीं’ असेंच, नकाराचें, आहे. सुस्थितीचा हा शब्द सतराव्या शतकापासूनच मुख्यतः दुःस्थितीच्या कामीं राबत आला आहे.

इंग्रजींत अशा विधुर शब्दांची एक वसाहतच आहे. ‘रूथलेस’ म्हणजे निर्दय हा शब्द चालतो, पण ‘रूथ’ म्हणजे दया ही पुस्तकांत पडून आहे. ‘अन्‌कूथ’ राहिला, ‘कूथ’ गेला. मात्र येथेंहि फसगत होते. ‘डिस्‌ग्रंटल्ड’ म्हणजे नाराज. त्यावरून ‘ग्रंटल्ड’ म्हणजे प्रसन्न असा शब्द करून वुडहाउसनें १९३८ सालीं वाचकांना हंसविलें, पण खरें पाहतां त्या शब्दांतला उपसर्ग नकाराचा नाहींच, तो जोर देण्याकरितां आहे, आणि ‘ग्रंटल’ म्हणजे कुरकुरणें. आपल्या ‘अजागळ’ची अशीच गोष्ट. त्यांतला ‘अ’ पाहून कोणी ‘जागळ’ मनुष्याचा शोध करूं लागेल. तो शब्द शेळीच्या गळ्यावरून आलेला आहे. शेळीच्या गळ्याशीं लोंबणारे जे निरुपयोगी स्तन, त्यांच्यावरून संस्कृतांत निरर्थक वस्तूला दृष्टान्त देत असत.

खरेखुरे विधुर शब्द मराठींतहि आहेत. ‘बेफाम’ मनुष्य रोज दिसतो. फारसींतला ‘फह्म’, म्हणजे समज, ज्याच्यापाशीं नाहीं तो बेफाम. पण शहाण्या मनुष्याला ‘फाम’ आहे असें आज कोणी म्हणत नाहीं. ‘बेचिराख’ ह्या शब्दाची कथा अधिक करुण. ज्या गांवांत चिराग, म्हणजे दिवा, उरला नाहीं तें गांव बेचिराख. नांदत्या गांवाला ‘चिराखी’ म्हणण्याची आपल्याला आज गरज वाटत नाहीं. दिवे लागलेले असतात तोंवर ते मोजतो कोण! ‘किल्टर’ला अर्थानें सर्वांत जवळचा आपला शब्द ‘ताळतंत्र’. तोहि बहुधा सोडण्यासाठींच असतो : अमक्यानें ताळतंत्र सोडलें, तमक्याच्या बोलण्याला ताळतंत्र नाहीं. तें पाळलें असें कोणी कोणाचें कौतुक केल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. पण येथें मराठीनें एक शहाणपण दाखविलें आहे. बिघडलेल्या मनुष्याला ती ‘ताळ्यावर’ आणते. जमाखर्चाचा ‘ताळा’ पाहते. आणि वर्षअखेरीस ‘ताळेबंद’ मांडते. जाण्याची वाट आहे तशी परतण्याचीहि ठेवलेली आहे. इंग्रजाला ‘किल्टर’वर कोणाला परत आणावयाचें असेल तर शब्द पुरत नाहींत.

अमेरिकेंत ‘किल्टर’ला ‘व्हॅक’ नांवाचा एक जोडीदार आहे, आणि त्याचीहि हीच गत झाली. ‘आउट ऑफ व्हॅक’ म्हणजे बिघडलेलें. पण अब्राहम लिंकनचा तरुण चिटणीस जॉन हे ह्यानें १८६३ च्या ऑगस्टांत आपल्या सहकाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत, आपला धनी सध्यां उत्तम ‘व्हॅक’मध्यें आहे असें लिहिलें आहे. गेटिसबर्गची लढाई होऊन महिना झाला होता. यादवी युद्ध ऐन भरांत होतें. आणि अध्यक्ष शांतपणें, उल्हासानें कामाचा फडशा पाडीत होते. मोडतोडीच्या त्या दिवसांत एका मनुष्याची सुस्थिति सांगण्यासाठीं हा शब्द सरळ अर्थानें वापरला गेला, ही गोष्ट आम्हांस लक्षांत ठेवण्यासारखी वाटते. त्यानंतर तो सरळ अर्थहि हळूहळू मावळला.

आतां ज्या शब्दाचा जन्मदाखला नाहीं त्याचें चरित्र लिहावें कसें? त्याच्या जातीचा नाद सोडून, तो कोणाकोणाच्या तोंडीं होता व कशाविषयीं बोलला जात होता हें पाहावें. ह्या दृष्टीनें सतराव्या शतकांतले तीन प्रयोग आम्हांस महत्त्वाचे वाटतात. त्यांपैकीं एक आयझॅक बॅरो ह्याचा. न्यूटनच्या आधीं केंब्रिजच्या गणिताच्या ज्या अध्यासनावर हा बसत असे, तें त्यानें १६६९ सालीं सोडलें आणि न्यूटन तेथें आला. बॅरो धर्मोपदेशकहि होता. प्रार्थनेचीं साधनेंच जर केल्टर सोडून गेलीं, बेसूर झालीं, तर प्रार्थना व्हावी कशी, अशा आशयाचा प्रश्न त्यानें एका प्रवचनांत केला आहे. भूमितीचा एवढा मोठा पंडित व्यासपीठावरून हा गांवठी शब्द बिनदिक्कत वापरतो, ह्यावरून त्या काळीं तो किती सर्वांच्या ओळखीचा असला पाहिजे हें दिसतें. उरलेले दोन प्रयोग अटलांटिकच्या पलीकडचे आहेत, आणि दोन्ही एकाच वस्तूविषयीं आहेत. ती वस्तु म्हणजे बंदूक.

विल्यम ब्रॅडफर्ड हा यॉर्कशायरच्या ऑस्टरफील्ड गांवचा. धर्माच्या छळामुळें जे लोक आधीं हॉलंडांत गेले व १६२० सालीं ‘मेफ्लॉवर’ जहाजानें अमेरिकेस निघाले, त्यांत तो होता. पहिल्या हिंवाळ्यांत त्या मंडळींपैकीं सुमारें निम्मीं माणसें मेलीं. पहिला गव्हर्नर वारल्यावर ब्रॅडफर्ड प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झाला, आणि १६३० पासून वीस वर्षें तो आपल्या वसाहतीचा वृत्तान्त लिहीत होता. ह्या वृत्तान्ताच्या हस्तलिखिताचें नशीबहि विलक्षण. तें अमेरिकेंतून नाहींसें झालें, लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयांत १८५५ सालीं ओळखलें गेलें, १८५६ सालीं छापलें गेलें, आणि १८९७ सालीं मॅसॅच्युसेट्सला परत मिळालें.

१६२८ सालच्या हकीकतींत ब्रॅडफर्ड टॉमस मॉर्टन नांवाच्या एका इंग्रजावर संतापलेला आहे. ह्या मॉर्टननें जवळच एक स्वतंत्र ठाणें वसवून, मेपोल उभारून, नाचगाणीं व मद्यपान चालविलें होतें, ह्याचा राग तर होताच. पण खरा राग असा कीं, तो मूळ रहिवाशांना कातड्यांच्या मोबदल्यांत बंदुका विकीत होता व त्या चालविण्यास शिकवीत होता. त्याआधीं स्थिति काय होती हें सांगतांना ब्रॅडफर्ड लिहितो कीं, ह्या भागांतील इंडियनांपाशीं धनुष्यबाणांवांचून हत्यार नव्हतें. बंदुकीला हात लावण्यासहि ते भीत. आणि ती ‘आउट ऑफ किल्टर’ असली तरी तिच्या नुसत्या दर्शनानें त्यांची गाळण उडे. वाक्य सहज लिहिलेलें आहे, आणि तो शब्द तर कंसांतल्यासारखा मध्यें टाकलेला आहे. पण वसाहतीचें सारें मर्म तेथें आहे. मूठभर उपाशी लोक, त्यांच्यापाशीं गंजलेल्या, चाप न पडणाऱ्या, कान बुजलेल्या बंदुका. आणि त्या बंदुका चालत नाहींत हें पलीकडच्याला ठाऊक नाहीं, ह्या एका गोष्टीवर त्यांचें रक्षण. अर्थात् हें चित्र ब्रॅडफर्डचें आहे. मॉर्टननें १६३७ सालीं आपली बाजू मांडणारें पुस्तक छापलें, आणि त्यांतला ब्रॅडफर्डचा पंथ फारसा वंदनीय नाहीं. त्या किनाऱ्यावर ब्रॅडफर्डच्या पूर्वींहि युरोपीय जहाजें येतजात होतीं. तेव्हां मूळ रहिवाशांची ही भीति कितपत खरी आणि कितपत लेखकाच्या समाधानासाठीं, ह्याचा तोल वाचकानें स्वतः सांभाळावा.

दुसरा प्रयोग रॉजर विल्यम्सचा. हा केंब्रिजचा विद्वान्, भाषांचा मोठा भोक्ता. पुढें इंग्लंडांत असतांना मिल्टनला डच शिकविणारा. राजसत्तेनें कोणाच्या धर्मांत हात घालूं नये, आणि इंडियनांची जमीन इंग्लंडच्या राजानें परभारें वांटून टाकूं नये, अशीं मतें तो मांडूं लागला, तेव्हां मॅसॅच्युसेट्सनें १६३५ सालीं त्याला हद्दपारीची शिक्षा दिली. नॅरागॅन्सेट लोकांनीं त्याला जागा दिली, आणि १६३६ सालीं प्रॉव्हिडन्स गांव वसलें. १६४३ सालीं इंग्लंडला जातांना जहाजावर त्यानें नॅरागॅन्सेट भाषेचें एक पुस्तक रचलें, आणि तें त्याच वर्षीं लंडनला छापलें गेलें. त्यांत शब्द आहेत, संभाषणें आहेत, आणि मधूनमधून त्या लोकांच्या चालीरीतींवर टिपा आहेत. अशा एका टिपेंत तो सांगतो कीं, हे लोक आपल्या बंदुका, जरा ‘केल्टर’ सोडून गेल्या कीं, इंग्रजांना विकून टाकतात, आणि अशा बंदुका विसांच्या हिशेबानें विकल्या जातात.

हे दोन प्रयोग शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे आम्हांस मोठें नवल वाटतें. शब्द तोच, वस्तु तीच, लोकहि जवळजवळ तेच. १६२८ पूर्वींच्या चित्रांत बिघडलेली बंदूक इंग्रजाच्या हातांत आहे आणि दुसरा भितो आहे. १६४३ मध्यें बिघडलेली बंदूक त्या दुसऱ्याच्याच हातांत आहे. तो भीत तर नाहींच, तो ती इंग्रजाच्याच गळ्यांत बांधून पैसे करतो आहे. मधल्या पंधरावीस वर्षांत एका समाजानें एका यंत्राची सगळी नाडी ओळखली होती. जळता तोडा रात्रीं दिसतो व सावजाला वास लागतो, म्हणून त्यांनीं तोड्याच्या बंदुकीपेक्षां चकमकीची बंदूक पसंत केली. गोळ्या ओतणें ते शिकले. बंदुकीचा कोणता भाग झिजला आहे, ती अजून किती दिवस चालेल, आणि कोणत्या दिवशीं विकून मोकळें व्हावें, हें त्यांना कळूं लागलें. बिघडलेली वस्तु आणि चांगली वस्तु ह्यांतला फरक ओळखणें हीच तर त्या वस्तूवरची खरी मालकी. ब्रॅडफर्डच्या वाक्यांत तो फरक एकट्या इंग्रजाला ठाऊक होता. विल्यम्सच्या वाक्यांत तो दोघांनाहि ठाऊक आहे.

पण विकावी लागते ह्याचा दुसराहि एक अर्थ आहे : दुरुस्त करतां येत नाहीं. लोहार इंग्रजांचा, भट्टी इंग्रजांची, आणि बंदुकीची दारू तर त्या लोकांना कधींच करतां आली नाहीं. ही गोष्ट इंग्रजांनीं बरोबर हेरली होती. मॅसॅच्युसेट्सनें आपले कायदे १६४८ सालीं एकत्र छापले. त्यांत इंडियनांना बंदुका विकण्यास बंदी आहेच, पण इंडियनाची कोणतीहि लहानमोठी बंदूक दुरुस्त करून देण्यासहि बंदी आहे. वस्तु एकदां हातून गेली ती गेली; तिला पुन्हा ताळ्यावर आणण्याची विद्या मात्र हातून जातां कामा नये, असा तो कायदा आहे. हिंदुस्थानांतील संस्थानिकांच्या फौजांचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे, त्यांना हें धोरण नवीन वाटूं नये.

तरीहि ती विद्या हळूहळू गेलीच. १६७५ सालीं न्यू इंग्लंडांत मोठें युद्ध पेटलें, आणि त्या हिंवाळ्यांत इंग्रज वसाहतींनीं मिळून नॅरागॅन्सेट लोकांवर चाल केली. त्यांनीं उघडपणें युद्ध पुकारलेलें नव्हतें. ते शत्रूस मिळतील ही शंका पुरेशी झाली. १९ डिसेंबर १६७५ रोजीं गोठलेल्या दलदलींतून इंग्रज फौज त्यांच्या तटबंदीच्या गांवांत शिरली, झोंपड्यांना आगी लावल्या, आणि बायकापोरांसह शेंकडों माणसें मेलीं. ह्या युद्धाच्या समकालीन हकीकतींत एक बारीक नोंद आहे. नॅरागॅन्सेटांमध्यें एक लोहार होता. बंदुका व बाणांचीं टोकें नीट करून देणारा त्यांच्यांत तेवढा एकच मनुष्य होता, असें तींत म्हटलें आहे. इंग्रजांनीं त्याला ठार केलें, त्याची भट्टी मोडली, आणि त्याचीं हत्यारें बरोबर नेलीं. त्याचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं.

पुढच्या मार्चमध्यें नॅरागॅन्सेटांनीं प्रॉव्हिडन्स जाळलें. सत्तरी उलटलेला विल्यम्स तेव्हां गांवांत होता. त्याचें घरहि जळालें. एकोणिसाव्या शतकांत नॅरागॅन्सेट भाषा लोकांच्या तोंडून गेली. आज त्या लोकांचे वंशज ती पुन्हा शिकूं पाहतात, तेव्हां त्यांना मुख्य आधार विल्यम्सच्या त्याच पुस्तकाचा घ्यावा लागतो.